मित्राच्या घरी जेवून आलात, आता त्यांना कसं बोलवाल? कोकणात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

बदली होऊन रत्नागिरी, दापोली, देवगड, मालवण अशा ठिकाणी आलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत एक आमंत्रण हमखास येतं. ऑफिसातला सहकारी, शाळेतली शिक्षिका, घरमालकांचा मुलगा, कुणीतरी म्हणतं, "रविवारी घरी या जेवायला, सगळ्यांना घेऊन." जाणं सोपं असतं. अडतं ते नंतर. आभार कसे मानायचे, कुणाचे मानायचे, आपण त्यांना कधी आणि काय करून बोलवायचं, या विचारात नवी माणसं अडकतात आणि मग गप्प बसतात. यजमानांना वाटतं, "त्यांना आवडलं नसेल." पाहुण्यांना वाटतं, "एवढं सगळं आपल्याला कुठं जमणार?" कुणाच्याही मनात वाईट काही नसताना चांगली ओळख अशी उंबऱ्याशीच थांबते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटलं आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच मनातून काढून टाका. त्यांच्यासारखं जेवण तुम्ही करावं अशी कुणाचीही अपेक्षा नसते. तुम्ही त्यांना तुमच्या घरी, तुमच्या पद्धतीचं जेवू घालावं, एवढीच असते.

पानावर असताना

आभाराची सुरुवात जेवतानाच होते. वाढणारी व्यक्ती आग्रह करणार. पहिल्या "नको"वर ती थांबणार नाही, दुसऱ्यावरही नाही. म्हणून सुरुवातीला थोडं थोडं घ्या आणि आवडलेला पदार्थ तोंडानं मागून घ्या. "काकी, अजून थोडी सोलकढी द्या" या एका वाक्यानं स्वयंपाकघरात जो आनंद पोचतो, तो नंतरच्या दहा वाक्यांनी पोचत नाही. पानात टाकू मात्र नका. मासा किनाऱ्यावर मिळत असला तरी चांगली सुरमई किंवा पापलेट इथंही महागच असतं आणि पाहुण्यांसाठी ते मुद्दाम आणलेलं असतं.

बांगड्याच्या कालवणात वाटाण्याएवढी काळसर, खडबडीत फळं दिसली तर ती तिरफळं. ती स्वादापुरती असतात, चावायची नसतात. पानाच्या कडेला काढून ठेवा. काटे काढून खायची सवय नसेल तर तसं सांगून टाका, कुणीतरी काटे काढून देईल. तुम्ही मासे खात नसाल तर आमंत्रण आल्याच दिवशी सांगा. मालवणी घरात शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. काळ्या वाटाण्याचं सांबार, हंगामात ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, गरम वडे, भात आणि सोलकढी असं भरलेलं पान येतं. मात्र सगळं मांडून झाल्यावर "आम्ही खात नाही" ऐकलं की घरातल्या बाईचा जीव कासावीस होतो.

कौतुक करताना पदार्थाचं नाव घ्या. "जेवण छान होतं" हे सगळेच म्हणतात. वड्यांबरोबर कोंबडीचा रस्सा असेल तर वाटप कसं भाजलं ते विचारा. खोबरं आणि कांदा भाजून वाटलेल्या त्या वाटपावरच सगळं अवलंबून असतं आणि प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं. उकडीचे मोदक असतील तर पारी किती पातळ झाली आहे आणि कळ्या किती बारीक पडल्या आहेत ते बघा आणि बोला. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून केलेल्या निवगऱ्या पुढे आल्या तर त्याही आवडल्याचं सांगा. पाहुणे मोदकांचं कौतुक करतात आणि निवगऱ्यांना विसरतात.

निघताना

ज्यानं बोलावलं त्या मित्राचे आभार शेवटी. आधी जिनं रांधलं तिच्याकडे जा. कोकणातल्या बऱ्याच घरांत अजूनही पाहुण्यांची पंगत आधी बसते आणि वडे गरम वाढायचे म्हणून आई किंवा वहिनी तळणीपाशी उभीच असते. तुम्ही पडवीत सुपारी कातरत गप्पा मारत असता तेव्हा ती जेवायला बसत असते. तिचं जेवण होईपर्यंत थांबा. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन सांगा. काही घरांत सोवळं असतं, म्हणून बोलावल्याशिवाय आत शिरू नका. "अन्नदाता सुखी भव" हा जुना उद्गार आजही जिभेवर बसतो. तो म्हणायला अवघड वाटला तर "काकी, पोटभर जेवलो, तुम्हाला फार उभं राहावं लागलं" एवढं पुरे.

काकी म्हणायचं की काकू, हे मित्र शेजारणीला काय म्हणतो त्यावरून ठरवा. मित्राची बायको वयानं लहान असली तरी वहिनीच. घरातले आजी-आजोबा ओटीवर किंवा माजघरात बसलेले असतील तर वाकून नमस्कार करा. निघताना "येतो" म्हणा, "जातो" म्हणू नका. बाईमाणसाला कुंकू लावून जायला सांगितलं तर दोन मिनिटं थांबा. नव्यानं लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा घरी आली असेल तर तिची ओटी भरतील: नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. "कशाला उगाच" म्हणत हात मागे घेऊ नका. पदर किंवा ओढणी पुढे करा. पैशांचं पाकीट ठेवून जाण्याचा विचारही नको. लहान मुलाच्या हातात खाऊ दिला तर चालतो.

दुसऱ्या दिवशी

रात्री घरी पोचल्यावर "सुखरूप पोचलो" एवढाच निरोप द्या. खरा आभाराचा निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि शक्यतो फोन करून. मित्राला व्हॉट्सॲपवर लिहिलं तरी चालेल, पण त्याच्या आईला फोनच करा. तिला तुमचा आवाज ऐकायचा असतो, आणि तुम्ही केला नाहीत तर ती मित्राला विचारते, "त्यांचं पोट बरं आहे ना रे?" बोलायला सुचत नसेल तर साधारण असं बोला:

"काकी, नमस्कार. काल आम्ही सगळे अगदी तृप्त होऊन आलो. तुमच्या बांगड्याच्या कालवणाची चव अजून तोंडावर आहे. धाकटी सकाळी उठल्या उठल्या आजीचे घावणे मागतेय. आजोबांना नमस्कार सांगा. तुमचा डबा घेऊन मी येतेच."

मित्राला लिहायचा निरोप आणखी मोकळा असू दे:

"काल फार बरं वाटलं रे. इथं आल्यापासून पहिल्यांदा घरचं जेवल्यासारखं झालं. काकींशी बोललो आत्ता. पोरं तुझ्या अंगणातून निघायलाच तयार नव्हती. आता तुम्ही सगळ्यांनी आमच्याकडे यायचं आहे, दिवस ठरवायला मी घरी येतो."

दोन्हींत काय आहे ते बघा: जेवणाबद्दल एखादं मनापासूनचं वाक्य, घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण किंवा मुलांचं काहीतरी, आणि पुढच्या भेटीचं सूतोवाच. यापेक्षा लांब लिहू नका. हात जोडलेली चित्रं आणि तयार शुभेच्छा पाठवून तर काहीच साधत नाही.

डबा

निघताना हातात काहीतरी दिलं जातंच. उरलेले वडे, कुळथाचं पीठ, आमसुलं, आंबापोळी, उन्हाळ्यात फणसाचे गरे. ज्या डब्यातून आलं तो डबा आठवडाभरात परत करा आणि रिकामा करू नका. घरात काही केलेलं नसेल तर चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा घाला; असेल तर तुमच्या गावाकडचं काही घाला. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी, साताऱ्याचे कंदी पेढे, नागपूरची संत्र्याची बर्फी. डाळिंबं, सफरचंदं, द्राक्षंही चालतील, कारण ती इथं पिकत नाहीत. मे महिन्यात बागायतदाराच्या घरी हापूसची पेटी नेऊ नका आणि ज्यांच्या परसात माड आहेत त्यांना शहाळी नेऊ नका.

डबा परत करायला जाणं हीच आमंत्रणाची योग्य वेळ. तुम्ही उंबऱ्यात आहात, घरातले सगळे समोर आहेत आणि कोरडं "या कधीतरी" म्हणण्याचं कारण उरत नाही.

दिवस कसा ठरवायचा

इथं नवी माणसं सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

आधी वार. कोकणात मासे खाणाऱ्या घरांतही सोमवारी, गुरुवारी, कुठं शनिवारी किंवा मंगळवारी खात नाहीत. बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशांचे दिवस. शिवाय संकष्टी, एकादशी, श्रावण महिना, मार्गशीर्षातले गुरुवार. "तुमच्याकडे कुठले वार पाळतात?" असा सरळ प्रश्न विचारा, यात कुणाला काही वाटत नाही. तुम्ही शाकाहारी जेवण करणार असाल तरी उपासाचा दिवस टाळा.

मग हंगाम. आंब्याची बाग असलेलं घर मार्च ते मे पेट्या भरण्यात गुंतलेलं असतं. भातशेती असेल तर जून-जुलै पेरणी-लावणीत जातात. मच्छीमार कुटुंबाला मात्र त्याच काळात उसंत असते, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते आणि बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. भाद्रपदात गणपतीला मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात. तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे दर्शनाला जायचं, त्यांना आपल्याकडे बोलवायचं नाही. शिमग्यात पालखी घरोघर फिरते आणि ती येणार असेल त्या दिवशी घर सोडून कुणी येणार नाही. सिंधुदुर्गात दिवाळीनंतर जत्रा आणि दशावतार सुरू होतात, म्हणून गावच्या जत्रेची तारीख विचारून घ्या. एवढं सगळं टाळलं तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुष्कळ रविवार मोकळे मिळतात. घरात सुतक असेल तर आमंत्रणाचा विषयच काढू नका. नुसतं भेटून या.

वेळ दुपारची ठेवा. शहरातून आलेल्यांना रात्रीचं जेवण बरं वाटतं, पण इथल्या वाड्या पसरलेल्या, रस्ते अंधारे, शेवटची एसटी लवकर. पाहुणे खाडीपलीकडचे असतील तर दाभोळ-धोपावेसारखी फेरीबोट त्यांना गाठावी लागते. दुपारी बाराच्या सुमाराला बोलवा, एकला पानं मांडा आणि चहा घेऊन उजेडात घरी जाऊ द्या. आजी-आजोबा येणार असतील तर ने-आण तुम्ही करा. त्यासाठी रिक्षा सांगून ठेवलीत तरी त्यांच्या मनात ते फार दिवस राहतं.

बोलवायचं कसं

घरी जाऊन बोलवा, थोरल्यांना बोलवा आणि नावं घेऊन बोलवा. फक्त मित्राला ऑफिसात सांगितलंत तर मित्र एकटाच येईल, किंवा येणारच नाही, कारण त्याच्या आईला वाटेल की आपल्याला कुणी बोलावलं नाही. सांगताना साधारण असं:

"काका, काकी, येत्या रविवारी दुपारी तुम्ही सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं. आजींनाही घेऊन या, मी रिक्षा पाठवतो. वहिनी, तुमच्या माहेरची मंडळी आलेली असतील तर त्यांच्यासकट. आमच्याकडचं साधं जेवण आहे, पुरणपोळी आणि कटाची आमटी."

पदार्थ आधीच सांगून टाकावा असं माझं ठाम मत आहे. त्यानं आजोबांची साखर, कुणाचं पथ्य, कुणाचा उपास, सगळं तिथल्या तिथं कळतं. मालवणी मुलखात असाल तर "रविवारी आमच्याकडे जेवक येवा" एवढं एक वाक्य त्यांच्या बोलीत म्हणा. उच्चार चुकला तरी घर खूश होतं. सगळंच बोलणं मालवणीत ओढून-ताणून करू नका, त्यात आपुलकीपेक्षा नक्कल जास्त दिसते.

उत्तर बहुतेक "कशाला एवढी धावपळ" किंवा "बघू" असं येईल. तो नकार नसतो. दोन-तीन दिवसांनी फोन करून पुन्हा विचारा आणि या वेळी दुसराही एक दिवस सुचवा. दोन्ही दिवशी खरंच अडचण असेल तर नुसत्या चहाला बोलवा. चहा-पोह्यांनीही येणं-जाणं सुरू होतं.

काय करायचं

मासे करू नका. निदान पहिल्या खेपेला नको. ज्या घरात बोटीवरून उतरलेला मासा थेट चुलीपर्यंत येतो, त्या घराला बर्फातली सुरमई कळते आणि तुमचा जीव उगीच टांगणीला लागतो. तुमच्याकडचं करा. खानदेशातले असाल तर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, विदर्भातले असाल तर पाटवडी रस्सा, कोल्हापूरचे असाल तर पांढरा रस्सा. मराठवाड्याची वरणफळं, सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी, देशावरची पुरणपोळी. इथं भाकरी तांदळाची असते, त्यामुळे तव्यावरून उतरलेली गरम ज्वारीची भाकरी ही मोठी अपूर्वाई होते. बायका स्वयंपाकघरात येऊन ती थापायची कशी ते बघतात, आणि त्यातून जेवणाइतक्याच रंगणाऱ्या गजाली सुरू होतात.

तिखट मात्र हातचं राखून घाला. कोकणातल्या रश्शाला नारळाचा मऊपणा असतो. नुसतं चटणीचं तिखट आजोबांना सोसणार नाही. आणि भाकरी-पोळी कितीही करा, भात हवाच. भाताशिवाय जेवण पुरं झालं असं इथल्या थोरांना वाटत नाही. आठ माणसांना किलोभर तांदूळ घ्या. उकडा तांदूळ मिळाला तर तोच. भाताबरोबर सोलकढी करणं अवघड नाही: आठ-दहा आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळा, एका नारळाचं दूध काढून त्यात मिसळा, लसूण-मिरची ठेचून घाला, मीठ घाला, वर कोथिंबीर. उकळू नका, दूध फाटतं.

पाहुणे कोकणी मुसलमान कुटुंबातले असतील तर चिकन-मटण हलाल दुकानातून आणा आणि तसं आधी सांगा, म्हणजे त्यांना विचारण्याचा संकोच पडत नाही. मांस खाणाऱ्या प्रत्येक घराला शाकाहारी जेवणावर बोलावता येतं, उलट करता येत नाही. शंका असेल तिथं शाकाहारीच ठेवा. ब्राह्मण घरातली जुनी माणसं कांदा-लसूण खात नसतील, तेही विचारून घ्या. तसं असेल तर सोलकढीत लसणीऐवजी जिरं घाला.

ते आले की

आल्याबरोबर पाणी, आणि पाण्याबरोबर गुळाचा खडा. उन्हातून आले असतील तर कोकम सरबत. खाली पंगत मांडणार असाल तर गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक-दोन खुर्च्या आधीच बाजूला ठेवा, म्हणजे त्यांना मागाव्या लागणार नाहीत. केळीचं पान मिळालं तर उत्तम. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानाच्या डाव्या हाताला, भाजी उजव्या हाताला.

ज्या काकींनी तुम्हाला उभं राहून वाढलं होतं, त्यांना पहिल्या पंगतीत बसवा. त्या उठून मदतीला येतील, "मी वाढते" म्हणतील. त्यांना पुन्हा पाटावर बसवा. वाढायला घरातल्या पुरुषांना लावा. माझ्या मते या एका कृतीत त्यांचे सगळे आभार येतात. आग्रह दोनदा करा. तिसऱ्यांदा पान झाकलं की थांबा, वयस्क माणसांना नको असतं तेव्हा खरंच नको असतं.

जाताना बाईमाणसांना हळदीकुंकू आणि गजरा द्या. अबोलीचा मिळाला तर फार छान. घरातली एखादी आजी किंवा मावशी विधवा असेल तर तिला वगळून पुढे जाऊ नका, गजरा सगळ्यांना सारखाच द्या. कुणी घेणार नसेल तर ती स्वतः सांगेल. त्यांनी दिला होता तसा एक डबा तुम्हीही भरून द्या: पुरणपोळ्या, चटणी, लाडू, जे केलं असेल ते. तो डबाही भरूनच परत येईल. तो द्यायला कुणी दारात आलं तर हातात घेऊन तिथूनच निरोप देऊ नका, बसवा आणि चहा ठेवा.

एवढं झालं की पुढच्या गणपतीला आमंत्रणाची वाट पाहू नका. नारळ, जास्वंदीची फुलं, दुर्वा घेऊन संध्याकाळच्या आरतीच्या आधी जा, भजन असेल तर बसा. त्या घरी तुमची वाट पाहणारं कुणीतरी नक्की असेल.